आलूच्या वावरात तणनाशक मारू, की निंदणीच लावू?

तापीकाठचा (11 नोव्हेंबर, रात्री 9:40)

राम राम मंडळी. चोपडा तालुक्यात आमचं वावर आहे, काळी कसदार जमीन. मका काढून यंदा पहिल्यांदाच दोन एकर आलू लावलाय. बेणं पुखराज वाणाचं, गुजरातहून डीशाकडून आलेलं. 5 तारखेला लागवड, आज सहावा दिवस. सरीवर अजून एकही कोंब दिसत नाही, पण तण मात्र हिरवं पोपटी उगवून आलंय. चंदन बटवा, घोळ, काटेमाठ, थोडं गाजर गवत, आणि बांधाकडच्या पट्ट्यात मोथा.

निंदणीला बाया मिळत नाहीत. दुकानात गेलो तर काउंटरवरच्या पोराने मेट्रिब्युझिन 70 टक्क्यांचं पाकीट काढून दिलं, "एकराला पाचशे ग्रॅम मारा, बिनधास्त." शेजारचे काका म्हणतात पॅराक्वाट मार, सगळं जाळून टाकतं. आई म्हणते, औषध मारशील तर मी त्या वावरात पाय ठेवणार नाही.

आलू निघाला की फेब्रुवारीत त्याच जागी टरबूज घ्यायचा विचार आहे. काय करू? लवकर सांगा, कोंब वर आले तर वेळ जाईल.

भरीतवाला (9:52)

जळगाव जिल्ह्यात वांगं सोडून आलू? घराण्याला कळवलं का?

जिभाऊ_पारोळा (10:05)

पाकीट फोडू नका! पाचशे नाही, एकरी तीनशे ग्रॅम. हेक्टरी 750 ग्रॅमचं माप आहे, पाकिटावर लिहिलेलं असतं, भिंग घेऊन वाचावं लागतं ती गोष्ट वेगळी. दोनशे लिटर पाण्यात तीनशे ग्रॅम म्हणजे सोळा लिटरच्या पंपाला 24 ग्रॅम. किराणा दुकानातला छोटा वजनकाटा घ्या, बाटलीच्या झाकणाने मोजू नका.

तापीकाठचा (10:11)

झाकणानेच मोजणार होतो. 😐

मंचरचा_बटाटेवाला (12 नोव्हेंबर, सकाळी 6:30)

आमच्याकडे वीसेक वर्षं बटाटा आहे, म्हणून बोलतो. तुमचा सहावा दिवस आहे म्हणजे वेळ अगदी बरोबर. लागवड झाली, पाणी दिलं, माती ओली आहे आणि बटाटा वर आलेला नाही, हीच मेट्रिब्युझिन मारायची खिडकी. या औषधाचा मातीवर एक पापुद्रा बसतो. तणाचं बी उगवताना मुळातून औषध ओढून घेतं आणि पान उजेडात आलं की पिवळं पडून करपतं. म्हणून कोरड्या ढेकळांवर मारून काही उपयोग नाही.

नोझल कीटकनाशकाचं वापरू नका. गोल फवारा सोडणारं काढा आणि पंख्यासारखा पट्टा सोडणारं लावा. आणि मारताना मागे मागे चालत जा. पुढे चाललात तर स्वतःच मारलेलं पायाने तुडवत जाल.

बटाट्याला पहिले चार ते सहा आठवडे तण जड जातं. नंतर पाला एकमेकांना भिडला की खाली ऊनच पोचत नाही, तण आपोआप दबतं. आम्ही महिन्याने खुरपणी करून मातीची भर लावतो, अर्धं तण तिथेच गाडलं जातं. पण औषध मारल्यावर भर लावली की तो पापुद्रा फुटतो आणि खालचं बी वर येतं, हे लक्षात ठेवा.

निंदणी_नको (7:15)

भर लावायची की नाही मग? एक काहीतरी सांगा ना काका.

मंचरचा_बटाटेवाला (7:40)

भर लावावीच लागते बाबा, नाहीतर बटाटा उघडा पडून हिरवा होतो आणि हिरवा बटाटा खायचा नसतो. लागवडीलाच वरंबा उंच घ्या, म्हणजे नंतर हलकीच भर पुरते.

आणि "निंदणी" काय म्हणता, खुरपणी म्हणा.

जिभाऊ_पारोळा (7:44)

आमच्याकडे खुरपं म्हणजे औजार आणि निंदणी म्हणजे काम. तुमच्याकडे दोन्ही एकच. भाषाही एकरी निम्मी वापरता.

गिरणाकाठची (8:20)

बाया का मिळत नाहीत ते मी सांगते. नोव्हेंबर म्हणजे कापूस वेचणीचा महिना. वेचणी किलोवर असते, हात चालवला की संध्याकाळी निंदणीच्या रोजापेक्षा जास्त पैसे होतात, तेही उभ्याने. तीनशे रुपयांसाठी दिवसभर उकिडवं बसून निंदायला कोण येईल? मीही येणार नाही. तणनाशकाने बायांचा रोज गेला असं शहरातले लोक लिहितात. आमच्या गावात उलटं झालंय, बाया कापसात गेल्या म्हणून तणनाशक आलं.

दुसरं. तुम्ही ज्याला तण म्हणून शिव्या घालता त्या चंदन बटव्याची मी पातळ भाजी करते, घोळाची मुगाची डाळ घालून. औषध मारण्याआधी आईला एक पाटी खुडून आणू द्या. मारल्यावर मात्र त्या वावरातलं एक पान घरात आणायचं नाही, आणि हे शेजारणींनाही सांगा. त्या विचारत नाहीत, सरळ खुडतात.

भरीतवाला (8:31)

कळण्याच्या भाकरीबरोबर घोळ. सकाळी सकाळी छळता काय.

पांझराकाठ_आप्पा (9:10)

पॅराक्वाटबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. तुमचे काका चूक सांगत नाहीत. आलूत ते चालतं, पण शंभर जागी पाच-दहा कोंब दिसायला लागले की त्या वेळेपर्यंतच. हिरव्याला लागेल ते जाळतं, मातीत गेलं की निकामी होतं. पुढच्या पिकाला त्रास नाही, हा त्याचा गुण. पण मुळाला काही होत नाही, त्यामुळे मोथा आणि हरळी आठ दिवसांत परत हजर.

आणि ते फार वाईट औषध आहे.

सिस्टर_धुळे (9:35)

आप्पांनी शेवटची ओळ फार सौम्य लिहिली. मी बारा वर्षं नर्सिंगमध्ये आहे. पॅराक्वाट पोटात गेलं तर त्यावर उतारा नाही. एखादा घोट गेला तरी माणूस दोन-तीन दिवस बोलतो, चालतो, "बरं वाटतंय" म्हणतो, आणि मग फुप्फुसं जातात. आम्ही नुसते बघत उभे असतो. घरात आणलंत तर थंड पेयाच्या बाटलीत काढून ठेवू नका, मूळ डब्यातच कुलपात ठेवा. शक्यतो आणूच नका.

2017 साली यवतमाळात कापसावर फवारणी करताना माणसं गेली, ती दुसऱ्या औषधांनी. पण तेव्हापासून आमच्याकडे फवारणीचा पेशंट आला की पहिला प्रश्न तोच असतो, डबा आणलाय का? कुठलंही औषध असो, दवाखान्यात जाताना डबा किंवा पाकीट सोबत न्या.

तापीकाठचा (10:02)

पॅराक्वाट रद्द. घरात दोन लहान पोरं आहेत.

साक्रीचा_डोंगरी (11:20)

मन्ही कथा ऐका भाऊसहो. गेल्या वर्षी बांधावरच्या गाजर गवतावर टू-फोर-डी मारलं. पंप तीन वेळा विसळला, अगदी तीन वेळा, आणि दोन दिवसांनी त्याच पंपाने कापसावर मावा-तुडतुड्याचं औषध मारलं. आठवड्याने पाहतो तर कापसाची पानं भेंडीसारखी! बारीक, बोटं फुटल्यासारखी, शिरा एकमेकींना चिकटलेल्या. वडील म्हणाले, "हाई कोन्हं बियानं शे?" अर्धा एकर तसाच गेला, बोंडं धरलीच नाहीत.

नुसत्या पाण्याने ते जात नाही. धुण्याचा सोडा घालून पंप रात्रभर भरून ठेवावा लागतो, नळी आणि नोझलसकट. आता माझ्याकडे तणनाशकाचा पंप वेगळा आहे, त्याला लाल रंग दिलाय.

निंदणी_नको (11:26)

कापसात ते तणनाशक चालणारं बियाणं घ्या ना, चोरून मिळतं...

व्यवस्थापक (11:50)

त्या बियाण्याला मान्यता नाही. कुठे मिळतं हे इथे लिहायचं नाही. आलूवर या.

कृषी_दुकानवाला (दुपारी 1:15)

दुकानात बसणाऱ्यांची बाजूही मांडतो. माझं स्वतःचं दुकान आहे. गिऱ्हाईक येतं, "तणनाशक द्या" म्हणतं. पीक कोणतं, किती दिवसांचं, जमीन कशी, पुढे काय पेरणार, हे सगळं विचारलं की ते चिडतं आणि शेजारच्या दुकानात जातं. पाचशेचं पाकीट दिलं कारण पाकीट तेवढ्याचं असतं. उरलेलं दोनशे कोण परत घेणार? चूक आहेच, पण का होते तेही समजून घ्या.

आता कामाचं. ऑक्सिफ्लोरफेनलाही आलूत मान्यता आहे. तेही उगवणीपूर्व, एकरी पावणेदोनशे ते साडेतीनशे मिली या मापात. कांद्यात चालतं म्हणून आपल्या भागात लोकांना ते ठाऊक आहे. तुमच्या टरबुजाचा विचार केला तर मेट्रिब्युझिनपेक्षा मी हे सुचवलं असतं.

मातीवेडी (2:05)

दुकानवाले दादा बरोबर बोलले, आणि या धाग्यावर टरबुजाकडे पहिल्यांदा त्यांनीच पाहिलं. मी मातीच्या प्रयोगशाळेत काम करते, म्हणून दोन गोष्टी.

मेट्रिब्युझिन मातीत टिकतं. अर्धं संपायला महिना-दोन महिने लागतात, गारठ्यात जास्त. कांदा आणि वेलवर्गीय पिकं त्याला फार नाजूक, म्हणजे काकडी, टरबूज, दोडका. तीन महिन्यांनी टरबूज म्हणजे जुगार आहे.

दुसरं म्हणजे सामू, माती आम्ल की अल्कली ते सांगणारा आकडा. आपली काळी माती आठच्या आसपास, कुठे कुठे त्याहूनही वर. अशा चोपणाकडे झुकलेल्या जमिनीत हे औषध मातीला कमी चिकटतं आणि मुळांना जास्त मिळतं. त्यामुळे तण चांगलं मरतं, पण पिकालाही झटका बसू शकतो. काळ्या जमिनीत डोस वाढवा हा सल्ला म्हणूनच डोळे झाकून ऐकू नका. ढगाळ, थंड हवा दोन-तीन दिवस असेल तर तेव्हाही मारू नका. अशा हवेत आलूचं रोप औषध पचवू शकत नाही.

मक्यात ॲट्राझिन मारलं होतं का?

तापीकाठचा (2:30)

हो, जुलैच्या सुरुवातीला, एकदाच.

मातीवेडी (2:41)

मग पावसाळ्यात बरंचसं गेलं असेल. पण ॲट्राझिन आणि मेट्रिब्युझिन चुलत भाऊ आहेत, काम दोघांचं एकच, पानातली उजेडाची गिरणी बंद पाडायची. एकाच वर्षात दोघांना एका वावरात जेवायला बोलावू नका, एवढंच.

जिभाऊ_पारोळा (2:50)

ताई, हे वाक्य मी पंचायतीच्या फळ्यावर लिहिणार आहे.

रावेरची_केळी (4:10)

सगळे औषधावरच अडकलेत. आमच्याकडे केळीच्या कांदेबागेत (हिवाळ्याच्या तोंडावर लावलेल्या केळीत) मधल्या पट्ट्यात थोडा आलू केला होता. तिथे मारण्याचं धाडस झालं नाही, केळीच्या रोपाला लागलं तर? केळीचा वाळलेला पाला सरीवर हातभर अंथरला. तण निम्म्याहून कमी आलं, पाणीही वाचलं. उंदीर झाले मात्र. दोन एकराला एवढा पाला कुठून आणणार, हा प्रश्न आहेच.

तापीकाठचा (13 नोव्हेंबर, सकाळी 7:05)

सगळ्यांचं वाचलं. घरात रात्री बैठक झाली. ठरलं असं: विहिरीकडचा एक एकर तीनशे ग्रॅमने मारतो. रस्त्याकडच्या एकराला औषध नाही, तिथे आई, बायको, मी आणि मावशीच्या घरच्या दोघी निंदणी करू. टरबूज फक्त रस्त्याकडे. आईने काल संध्याकाळी पाटी भरून बटवा आणला, दोन जेवणं झाली.

गिरणाकाठची (7:20)

आईंना माझा नमस्कार.

तापीकाठचा (13 नोव्हेंबर, दुपारी 12:30)

मारून आलो. नळीतून थेंब थेंब यायला लागलं तेव्हा कळलं की पावडर आधी वेगळ्या भांड्यात कालवून, मग पंपात ओतायला हवी होती. जाळीत गाठी अडकल्या, चौथ्या पंपाला खाली बसून सगळं उघडलं. मध्ये मध्ये हलवत राहावं लागतं, नाहीतर पावडर तळाला बसते आणि शेवटच्या ओळीला डबल डोस जातो. हे कोणीच सांगितलं नव्हतं!

जिभाऊ_पारोळा (12:41)

आम्हाला वाटलं माहीत असेल.

मंचरचा_बटाटेवाला (12:50)

बादलीत घट्ट घोळ, मग पंप. पीठ कालवतो तसं. माझी चूक, लिहायचं राहिलं.

तापीकाठचा (9 डिसेंबर)

खुशाली. विहिरीकडचा एकर स्वच्छ आहे, बटवा, माठ, घोळ जवळजवळ नाहीच. शेवटच्या दोन ओळींत, जिथे तळचं गेलं असणार, तिथे आलूच्या खालच्या पानांच्या शिरा पिवळ्या पडल्या होत्या. नवी पानं हिरवी येताहेत. रस्त्याकडे दोन निंदण्या झाल्या. पाच जणांनी एकूण सात दिवस घालवले. कंबर कोणाचीच जागेवर नाही.

पण मोथा! दोन्हीकडे. बांधापासून चार-पाच फूट आत आलाय. औषधाच्या बाजूला तर जास्तच माजलाय, बाकीचं तण मेलं आणि याला मोकळं रान मिळालं. काय करायचं?

पांझराकाठ_आप्पा (9 डिसेंबर)

मेट्रिब्युझिनने मोथा मरत नाही. लव्हाळा म्हणा की मोथा, जमिनीत गाठीला गाठ जोडलेली असते. वरचं उपटलं की खालची दुसरी जागी होते. उसात आणि मक्यात त्याचं वेगळं औषध मिळतं, आलूत ते मारायचं नाही, आलूही जाईल.

निंदणी_नको (9 डिसेंबर)

ग्लायफोसेट तणनाशक, नोझलला हूड (टोपी) लावून ओळींच्या मधून?

कृषी_दुकानवाला (9 डिसेंबर)

उभ्या आलूत नको रे बाबा. एक थेंब पानावर पडला तर खाली आलूपर्यंत उतरतो. तोच आलू पुढच्या वर्षी बेणं म्हणून ठेवलास तर कोंब वेडेवाकडे, फुलकोबीसारखे गुच्छ येतात किंवा येतच नाहीत. शिवाय 2022 च्या ऑक्टोबरमध्ये केंद्राने ते परवानाधारक कीडनियंत्रणवाल्यांकडूनच वापरायचं असा नियम काढला होता. गावोगाव विकलं जातं ते सगळ्यांना दिसतं, मी विकत नाही.

साक्रीचा_डोंगरी (10 डिसेंबर)

उन्हाळ्यात खोल नांगरट करून गाठी वर काढा आणि मे महिन्याच्या उन्हात वाळू द्या. आमचे आजोबा गाठी वेचून पोत्यात भरायचे. आम्हा पोरांना पोत्यामागे पैसे.

भरीतवाला (10 डिसेंबर)

आणि पोतं परत वावरात ओतून दुसऱ्यांदा पैसे. खरं सांगा.

साक्रीचा_डोंगरी (10 डिसेंबर)

एकदाच केलं होतं.

मातीवेडी (12 जानेवारी)

तापीकाठचे दादा, टरबुजाआधी एक करा. विहिरीकडची वरची चार बोटं माती दोन-तीन कुंड्यांत भरा, रस्त्याकडची दोन-तीन कुंड्यांत. दोन्हींत टरबुजाचं बी टाका, उन्हात ठेवा, तीन आठवडे बघा. उगवण दोन्हींत सारखीच दिसेल, तिथे फसू नका. खरी पानं आल्यावर कडा बघा.

तापीकाठचा (10 फेब्रुवारी)

आलू काढला. दोन्ही एकरांत गोण्यांचा फरक फारसा नाही, औषधाकडे थोड्या जास्त. पण निंदणीचे दिवस धरले तर औषधाचा एकर परवडला, आईसमोर म्हणणार नाही.

एक गोष्ट डोळ्यांनी पाहिली नसती तर खरी वाटली नसती. बांधाकडच्या पट्ट्यात आलू उकरला तर मोथ्याचं टोक आलूच्या आरपार गेलेलं. सुईने ओवावा तसा. एका बाजूने पांढरं अणकुचीदार टोक आत, दुसऱ्या बाजूने बाहेर, आणि पलीकडे त्याची पुढची गाठ तयार. एका मुळावर तीन आलू ओवलेले सापडले. मुलाने ती माळ शाळेत नेली.

कुंड्यांचं सांगतो. दहा-दहा बी टाकलं होतं. दोन्हींकडे नऊ-नऊ उगवली. अठराव्या दिवशी रस्त्याकडच्या मातीतली सगळी हिरवी. विहिरीकडच्या मातीतल्या तिघांच्या खालच्या पानांच्या कडा पिवळ्या, एक करपून गेलं.

मातीवेडी (10 फेब्रुवारी)

नऊत चार. मग विहिरीकडे टरबूज नको.

तापीकाठचा (10 फेब्रुवारी)

नाहीच. तिकडे ढोरांसाठी चाऱ्याचा मका टाकतोय, बिना ॲट्राझिनचा. चुलत भावाला आमंत्रण नाही. रस्त्याकडे टरबूज, वरंब्यावर प्लास्टिक अंथरून.

पांझराकाठ_आप्पा (10 फेब्रुवारी)

मोथा प्लास्टिकही टोचून वर येतो. आलू टोचतो तर प्लास्टिक काय चीज आहे.

तापीकाठचा (10 फेब्रुवारी)

आप्पा, आजच्या दिवस राहू द्या.

भरीतवाला (10 फेब्रुवारी)

भाव काय मिळाला ते कोणीच विचारलं नाही.

तापीकाठचा (10 फेब्रुवारी)

म्हणूनच धागा आवडला होता. टोचलेले आलू चार गोण्या घरी पडलेत, मोथ्याचं भोक कापून टाकलं की खायला चांगले. चोपड्याला कोणी येत असेल तर घेऊन जा, पिशवी आपली आणा.